नोकरी सोडून स्वतंत्र कंत्राटी काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या कामात तयार झालेला, नोकरीत काही वर्षं काढलेला माणूस स्वतंत्रपणे काम करण्याचा विचार करू लागला की त्याला पडणारे प्रश्न साधारण हेच असतात. उत्तरांत माझी मतं ठिकठिकाणी येतील, म्हणून मुख्य मत आधीच सांगून ठेवतो. स्वतंत्र कामातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे न पटणाऱ्या कामाला आणि न पटणाऱ्या अटींना नाही म्हणता येणं. ते जमायचं असेल तर दर, शिल्लक आणि करार या तीन गोष्टी राजीनाम्याच्या आधीच नीट बसवाव्या लागतात.

कंपनी मला ‘कॉन्ट्रॅक्टवर’ घेते म्हणते. म्हणजे मी स्वतंत्र कंत्राटदार होणार का?

बहुतेक वेळा नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरचा माणूस त्या मुदतीपुरता नोकरदारच असतो. त्याला वरिष्ठ असतो, कामाच्या वेळा असतात, पगारपत्रक असतं. मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेच्या पटावर नाव असेल तर मालक ती संस्था. स्वतंत्र कंत्राटदार स्वतःच्या किंवा स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने बिल लावतो, कर स्वतः भरतो, काम कसं करायचं ते स्वतः ठरवतो आणि काम बिघडलं तर त्याची झळही स्वतः सोसतो. सही करण्याआधी विचारा: महिनाअखेरीस मला सॅलरी स्लिप मिळणार, की मी बिल पाठवणार?

पगाराला कामाच्या दिवसांनी भागलं की माझा रोजचा दर निघतो ना?

नाही, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. एकदा कागदावर हिशेब मांडून बघा.

वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. तुमचा वार्षिक पगार १०० मानला तर दिवसाला ०.३८ येतात. नोकरदाराच्या डोक्यात हाच आकडा असतो आणि तो थोडा वाढवून तो दर सांगून मोकळा होतो.

आता कंत्राटदाराचे दिवस मोजा. सार्वजनिक सुट्ट्या १०, स्वतःची रजा २०, आजारपणाचे ६ दिवस. उरले २२५. या दिवसांतला साधारण चौथा हिस्सा असा जातो की त्याचं बिल कोणालाच लावता येत नाही: प्रस्ताव लिहिणं, पुढचं काम मिळवण्यासाठी भेटीगाठी, हिशेब, नवं शिकणं, आणि एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचा रिकामा काळ. म्हणजे बिल लागणारे दिवस १७० च्या आसपास.

खर्चाची बाजूही बदलते. पगाराच्या १०० वर मालक तुमच्यासाठी निवृत्ती निधी आणि विम्याचा हिस्सा भरत होता, तो १८ धरू. संगणक, सॉफ्टवेअर, हिशेबनीस, प्रशिक्षण यांचे १२ धरू. एकूण १३०. भागिले १७०, म्हणजे ०.७६. पहिल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट. तुमचे आकडे वेगळे येतील, पण दीडपटीच्या खाली आले तर काहीतरी मोजायचं राहून गेलं आहे असं समजा.

हा झाला तुमचा तळ. बाजारात त्याहून जास्त मिळत असेल तर जास्तच मागा. क्लायंट तुमच्या घरखर्चासाठी पैसे देत नाही, त्याची अडचण सुटते म्हणून देतो. आणि बाजारभाव तुमच्या तळाच्या खाली असेल तर नोकरीच बरी, हे मान्य करण्यात काहीही कमीपणा नाही. ही आकडेमोड राजीनाम्याआधी करायची ती याचसाठी.

क्लायंट दर कमी करायला सांगतो. काय करू?

दर तसाच ठेवा आणि काम कमी करा. ‘या रकमेत पहिले दोन टप्पे होतील, तिसरा नंतर बघू’ असं म्हणता येतं. कारण न देता उतरवलेला दर त्या क्लायंटकडे कायमचा चिकटतो. जुन्या क्लायंटकडे दर वाढवण्यापेक्षा नव्याकडे वाढीव दराने सुरुवात करणं केव्हाही सोपं.

हातात किती पैसे असताना नोकरी सोडावी?

किमान सहा महिन्यांचा घरखर्च. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल किंवा कर्जाचा हप्ता चालू असेल तर नऊ महिन्यांचा.

सहाच का, ते सांगतो. समजा राजीनाम्यानंतर दुसऱ्याच दिवशी काम मिळालं. महिनाभर काम केलंत, महिनाअखेरीस बिल पाठवलंत. करारात ४५ दिवसांची मुदत आहे. म्हणजे सगळं सुरळीत होऊनही पहिला पैसा अडीच महिन्यांनी दिसतो. बिलात काही खोट निघाली, मंजुरी देणारा रजेवर गेला, तर तीन महिने सहज. अर्धी शिल्लक या वाट पाहण्यातच संपते, आणि हे काम लगेच मिळालं असं धरून.

शिल्लक पोटासाठी हवी हे सगळेच जाणतात. तिचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. दोन महिन्यांचे पैसे उरलेला माणूस समोर येईल त्यावर सही करतो: ९० दिवसांनी पैसे, अमर्याद नुकसानभरपाई, ‘सांगितलं जाईल ते सर्व काम’ असली कलमं. एकदा असा करार अंगावर घेतला की सगळा वेळ तो निभावण्यात जातो, चांगलं काम शोधायला फुरसत उरत नाही, आणि माणूस पुढचाही करार तसाच घेतो. नोकरीपेक्षा वाईट बंधनात अडकलेले कंत्राटदार बहुधा असेच अडकलेले असतात. कौशल्यात ते कुठेही कमी नसतात.

कराचे पैसे या शिल्लकीत धरू नका. ते तुमचे नाहीतच.

राजीनामा देण्यापूर्वी काय काय आवरून घ्यावं?

आरोग्य विमा सर्वांत आधी. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो आणि वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही. भारतात विमा नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, पण तीन वर्षंही थोडी नाहीत. म्हणून ही पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे तो काळ गट विम्याच्या आधारावर थोडा तरी सरतो. कुटुंबात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे काम पुढे ढकलूच नका, आणि अर्जात आजार लपवू नका.

कर्ज घ्यायचं असेल तर तेही आधीच. स्वतंत्र व्यावसायिकाला बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. मात्र नव्या कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन लगेच नोकरी सोडणं मला धोक्याचं वाटतं. घर आधी की स्वतंत्र काम आधी, याचा एकदा बसून निर्णय करा.

बोनस, ग्रॅच्युइटी, कंपनीचे शेअर हे कोणत्या तारखेला पक्के होतात ते नेमणूकपत्रात पाहा. पंधरा दिवसांच्या घाईने वर्षभराची कमाई सोडून आलेले लोक आहेत. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय निघू नका. आणि कंपनीची एकही फाईल, ग्राहकयादी किंवा कोड सोबत नेऊ नका, मग तो सगळा तुम्ही स्वतः लिहिलेला का असेना.

जुनीच कंपनी पहिली क्लायंट झाली तर?

चांगली सुरुवात होऊ शकते. ओळख असते, काम माहीत असतं, पहिलं बिल लवकर लागतं. अडचण अशी की त्यांच्या मनात तुम्ही अजून कर्मचारीच असता. रात्री नऊला फोन येतो, ‘जरा हेही बघून दे’ असं सांगितलं जातं, आणि दर तुमच्या जुन्या पगारावरून मोजला जातो, कारण तो त्यांना ठाऊक असतो. म्हणून याच क्लायंटशी करार सर्वांत काटेकोर करा. मुदत तीन ते सहा महिन्यांची ठेवा आणि त्या मुदतीत दुसरा क्लायंट उभा करा. काही कंपन्यांत सोडून गेलेल्या माणसाला ठरावीक काळ काम देता येत नाही असाही नियम असतो, तो आधी विचारून घ्या.

स्पर्धा न करण्याचं कलम माझ्या नेमणूकपत्रात आहे. मी अडकलो का?

कुठल्या देशाचा कायदा लागू होतो यावर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो, त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंधनं न्यायालयात सहसा टिकत नाहीत. कॅलिफोर्नियाचाही कायदा असाच आहे. इतर अनेक ठिकाणी मर्यादित काळाची आणि क्षेत्राची बंधनं टिकतात. गोपनीयतेचं बंधन मात्र सगळीकडेच गांभीर्याने घेतलं जातं. नोकरी संपली म्हणून तेही संपलं असं समजू नका.

वर्षभर एकाच क्लायंटकडे पूर्णवेळ काम केलं तर कायद्याच्या नजरेत मी कोण?

कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिलं म्हणून प्रश्न मिटत नाही. न्यायालयं आणि करखाती प्रत्यक्षात नातं कसं चालतं ते पाहतात.

ब्रिटनमध्ये १९६८ च्या ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ खटल्यात दिलेले निकष आजही वापरले जातात: मोबदल्याच्या बदल्यात काम स्वतःच करण्याचं बंधन आहे का, काम देणाऱ्याचं पुरेसं नियंत्रण आहे का, आणि कराराच्या बाकी अटी नोकरीशी जुळतात का. तिथेच एप्रिल २००० पासून ‘आयआर ३५’ नावाने ओळखले जाणारे नियम लागू आहेत. स्वतःच्या छोट्या कंपनीमार्फत काम करणारा माणूस प्रत्यक्षात नोकरासारखाच राबत असेल तर त्याच्यावर नोकरदारासारखा कर बसतो. तो कसा राबतो हे ठरवण्याची जबाबदारी २०१७ पासून सरकारी क्षेत्रात आणि २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम व मोठ्या कंपन्यांत काम देणाऱ्यावर आली, आणि त्यानंतर पुष्कळ कंपन्यांनी अशा लोकांना सरसकट नाकारायला किंवा पगारावर घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२० पासून उलटा भार आहे: माणूस कर्मचारी आहे असंच धरायचं, नसेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. उबरच्या चालकांना ‘वर्कर’चे, म्हणजे किमान वेतन आणि पगारी रजेसारखे हक्क आहेत हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकालही याच विचाराचा.

व्यवहारात काय करायचं? स्वतःची साधनं वापरा. कामाच्या वेळा स्वतः ठरवा. करारात तुमच्या जागी दुसरा योग्य माणूस पाठवण्याची मुभा ठेवा. क्लायंटच्या कंपनीचं पदनाम लावू नका. आणि एकाच ठिकाणाहून येणारं उत्पन्न निम्म्याच्या वर जाऊ लागलं की सावध व्हा. कायदा बाजूला ठेवला तरी एकच क्लायंट म्हणजे रजा, निधी आणि नोटीस पिरियड नसलेली नोकरी.

करारात काय असलंच पाहिजे?

कामाची व्याप्ती, आणि व्याप्तीत काय येत नाही तेही. ही दुसरी गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि सगळे वाद तिथूनच निघतात.

‘काम पूर्ण झालं’ हे कोण, किती दिवसांत सांगणार? दहा दिवसांत हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं मानावं, हे वाक्य घाला. नाहीतर मंजुरीअभावी बिल अडकतं आणि तुम्हाला भांडायला कागदच नसतो.

नुकसानभरपाईची कमाल मर्यादा असावी. त्या कामापोटी मिळालेल्या एकूण मोबदल्याइतकी मागणं रास्त आहे. अमर्याद जबाबदारी मोठी कंपनी पेलू शकते, एकटा माणूस नाही. या एका कलमासाठी मी काम सोडायला सांगेन.

करार मध्येच थांबवायचा झाला तर दोन्ही बाजूंना सारखी नोटीस, आणि तोपर्यंतच्या कामाचे पूर्ण पैसे.

राहता राहिला निर्मितीचा हक्क. नोकरीत केलेलं काम सर्वसाधारणपणे मालकाचं असतं. कंत्राटी कामात तसं आपोआप होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका शिल्पाबद्दल दिलेला निकाल यासाठी प्रसिद्ध आहे. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने शिल्पकाराकडून शिल्प करून घेतलं होतं. तो संस्थेचा नोकर नव्हता, स्वतंत्र कंत्राटदार होता, म्हणून केवळ काम करवून घेतल्यामुळे संस्था त्या शिल्पाची कर्ती ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. आता बहुतेक कंपन्या करारातच सगळे हक्क लिहून घेतात. देऊन टाका, पण ‘पूर्ण पैसे मिळाल्यानंतर’ हे शब्द घालून. पैसे थकले तर तुमच्या हातात असलेला सर्वांत भक्कम आधार तोच. आणि कामाआधीपासून तुमच्याकडे असलेली साधनं, साचे, कोड तुमचेच राहतील हेही लिहा.

मोठा करार असेल तर वकिलाला दाखवा.

तासावर, दिवसावर की एकरकमी?

काम नेमकं माहीत असेल आणि तुम्ही ते आधी केलेलं असेल तर एकरकमी घ्या, कारण तुमच्या वेगाचा फायदा तुम्हालाच मिळतो. काय हवं हे क्लायंटलाच ठाऊक नसेल तर दिवसाचा दर. एकरकमी कामात सुरुवातीला काही आगाऊ रक्कम आणि पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, यावर अडून राहा.

बिल देऊन दोन महिने झाले, पैसे नाहीत. आता?

आधी बिल कुठे अडलंय ते शोधा. पुष्कळदा कोणाची लबाडी नसते. तुमची व्हेंडर म्हणून नोंदणीच पूर्ण झालेली नसते, बिलावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नसतो, किंवा ज्याने काम दिलं त्याने मंजुरीचं बटण दाबलेलं नसतं. म्हणून काम सुरू करण्याआधीच नोंदणी पुरी करून घ्या, पर्चेस ऑर्डर हातात घ्या आणि हिशेब विभागातल्या एका माणसाशी ओळख करून ठेवा. काम देणारा साहेब तुमचं कौतुक करील. पैसे सोडणारा माणूस वेगळा असतो.

बिल काम संपलं त्याच दिवशी पाठवा. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी एक साधी आठवण करा, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लेखी विचारणा करा. त्यानंतर पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढचं काम थांबवत असल्याचं सभ्य भाषेत कळवा आणि खरोखर थांबवा. पैसे थकलेल्या क्लायंटचं काम चालू ठेवलं की थकबाकी वाढते आणि तुमची बाजू रोज कमजोर होत जाते.

कायद्याचाही आधार आहे. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे देण्याची मुदत करारातही ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते आणि तिला शुल्क नाही, तेव्हा ती पहिल्याच महिन्यात करा. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार व्यवसायांमधल्या करारातली मुदत सहसा जास्तीत जास्त ६० दिवसांची. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून, करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवस.

कराचं काय?

नोकरीत पगारातून कर कापून उरलेलेच पैसे दिसायचे. आता पूर्ण रक्कम खात्यात येते आणि ती आपलीच वाटते. त्यासाठी वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा आला त्याच दिवशी तिकडे टाका. नेमकं प्रमाण पहिल्या वर्षानंतर हिशेबनिसाला विचारून बदला.

वर्षाच्या शेवटी एकदाच भरून चालत नाही. भारतात आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. त्या त्या वेळेपर्यंत अंदाजित कराच्या १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरलेले असावे लागतात, चुकलं तर व्याज. अमेरिकेत एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखा. क्लायंटने बिलातून कर कापला असेल तर तो तुमच्या नावावर जमा झालाय का ते प्रत्येक तिमाहीला तपासा.

स्वतःची कंपनी काढावी का?

सुरुवातीला बहुतेकांना गरज नसते. कंपनीबरोबर लेखापरीक्षण, वार्षिक विवरणं आणि त्यांचा खर्च येतो. मोठा क्लायंट व्यक्तीला काम देतच नसेल, माणसं नेमायची असतील किंवा जोखीम मोठी असेल तेव्हा विचार करा.

काम मिळतं कुठून?

जुन्या सहकाऱ्यांकडून. तुमच्याबरोबर काम केलेली माणसं आता दहा कंपन्यांत पसरलेली असतात आणि तुमचं काम कसं असतं हे त्यांना माहीत असतं. त्यांना निरोप पाठवताना ‘काही काम असेल तर सांगा’ असं लिहू नका. ‘मी अमुक प्रकारच्या अडचणी सोडवतो, अमुक महिन्यापासून मोकळा आहे’ असं लिहा. मोघम निरोप कोणाच्या लक्षात राहत नाही.

एजन्सीमार्फत पहिलं काम घ्यायला हरकत नाही. एजन्सी क्लायंटकडून किती घेते ते विचारा, उत्तर टाळलं तरी विचारा. नंतर थेट त्या क्लायंटकडे जाण्यावर किती काळ बंदी आहे तेवढं मात्र नीट वाचा.

आणि हातात काम भरपूर असतानाच पुढचं शोधा. आठवड्यातला अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

घरच्यांना कसं समजवायचं?

आकडे दाखवा. शिल्लक किती महिन्यांची, विमा कोणता, आणि शिल्लक कितीवर आली की मी परत नोकरी शोधायला लागेन. हा शेवटचा आकडा आधीच मोकळेपणाने ठरवलेला असेल तर घरातली चिंता पुष्कळ कमी होते, आणि तुमचीही.

नाही जमलं तर परत नोकरी मिळेल?

मिळते. मुलाखतीत लोक दोनच गोष्टी विचारतात: एवढा काळ काय केलंत, आणि पुन्हा सोडून जाणार का. पहिल्याचं उत्तर कागदावर असू द्या. प्रत्येक काम संपताना क्लायंटकडून चार ओळींचं शिफारसपत्र घ्या, आणि गोपनीयतेच्या अटीत बसेल असं त्या कामाचं अर्ध्या पानाचं टिपण त्याच आठवड्यात लिहून ठेवा. वर्षभरानंतर तपशील आठवत नाहीत आणि शिफारस देणारा माणूसही तोवर दुसरीकडे गेलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. शिल्लक तुम्ही ठरवलेल्या आकड्यावर येते त्याच आठवड्यात अर्ज करायला लागा, कारण नोकरीची बोलणी करतानाही हातात दोन-तीन महिन्यांचे पैसे असावे लागतात.